पुढचा भाग कधी?

मी मराठीत विनोदी विज्ञान-रहस्यकथांची एक मालिका लिहितो, ती स्वतः छापतो आणि स्वतःच विकतो. आदिलाबादेत राहून हे सगळं चालतं म्हटल्यावर पुण्या-मुंबईची माणसं जरा थबकतात. तेलंगणात मराठी पुस्तक घेणार कोण? मग नकाशा काढावा लागतो. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ, भीमपूर, तामसी या मंडलांमध्ये घराघरांत मराठी आहे. 1956 साली भाषावार राज्यं झाली तेव्हा या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला, 2014 पासून तो तेलंगणात आहे आणि 2016 मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. एवढ्या वाटण्या होऊनही इथला माणूस अंगणात मराठी बोलतो, कचेरीत तेलुगू, ऑटोवाल्याशी दखनी, आणि बाजारात गोंड बाई समोर आली तर मोडकीतोडकी का होईना, गोंडीही. त्याला वाचायला मराठी पुस्तक हवं असेल तर मात्र नांदेड, यवतमाळ किंवा नागपूर गाठावं लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण जाणार? म्हणून पुस्तकानं त्याच्या दारी जायचं, हे मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं.

माझा गुप्तहेर म्हणजे निवृत्त भूमापक. आयुष्यभर साखळी आणि टेप घेऊन बांध मोजलेला माणूस, त्यामुळे मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. त्याची नात पॉलिटेक्निकला आहे, तिच्या फोनमध्ये उपग्रहाची चित्रं आहेत, आणि आजोबांना ती 'आबाजी' म्हणत असली तरी हद्दीच्या प्रश्नावर त्यांचं एक अक्षर ऐकून घेत नाही. गुन्हे इथलेच. चोरबीटीचं, म्हणजे चोरून विकलं जाणारं कापसाचं बियाणं, गळ्यात कॉलर असलेला वाघ, जिनिंगमधून नाहीशा झालेल्या गाठी. विज्ञान आजचं किंवा फार तर परवाचं. परग्रहावरून कोणी येत नाही.

विनोद, विज्ञान आणि रहस्य एकत्र नांदवणं अवघड आहे, आणि हे मोठमोठ्यांना जाणवलेलं आहे. अमेरिकेतले प्रसिद्ध संपादक जॉन कॅम्पबेल म्हणत की विज्ञानकथेत रहस्यकथा बसूच शकत नाही. लेखक ऐनवेळी गुप्तहेराच्या खिशातून एखादं अजब यंत्र काढील आणि वाचक फसवला जाईल. आयझॅक असिमॉव्ह यांनी ते मनावर घेतलं आणि 1954 मध्ये पुस्तकरूपात आलेल्या 'द केव्हज ऑफ स्टील'मध्ये एक माणूस आणि एक यंत्रमानव अशी पोलीस जोडी उभी करून ते खोटं ठरवलं. नियम साधा होता: जे यंत्र गुन्हा सोडवणार ते वाचकाला आधी दाखवलेलं असलं पाहिजे. पुढे डग्लस ॲडम्स यांनी 1987 मध्ये 'डर्क जेंटली' आणला आणि विज्ञान-रहस्याच्या या जोडीत हास्यही मिसळलं. आपल्याकडे सत्यजित राय यांनी आजोबांनी काढलेलं 'संदेश' मासिक 1961 मध्ये पुन्हा सुरू केलं. त्याच मासिकात त्यांनी आधी प्रोफेसर शंकूला आणि 1965 मध्ये फेलूदाला जन्म दिला. एकीकडे गमतीदार शास्त्रज्ञ, दुसरीकडे चोख गुप्तहेर. दोघांना त्यांनी वेगळं ठेवलं, हे मला फार सूचक वाटतं.

मराठीत या तिन्ही वाटा आहेत, पण त्याही वेगवेगळ्या गेल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे घराघरांत पोचला. नारायण धारपांनी भय आणि विज्ञान यांच्या सीमेवर पुष्कळ लिहिलं. द. पां. खांबेटे ओळखले गेले विनोदी लेखक म्हणून, आणि तरी 'माझे नाव रमाकांत वालावलकर' लिहून त्यांनी मराठी विज्ञानकथेत आपली जागा केली. विनोदी लेखकाला विज्ञान जमतं याचा तो पुरावा मला फार मोलाचा वाटतो. जयंत नारळीकरांचं उदाहरण तर मी नवं लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 सालच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. त्या नावाची आद्याक्षरं म्हणजे त्यांचीच आद्याक्षरं उलटी. तेव्हा ते जगभर नाव असलेले खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी नाव बाजूला काढून ठेवलं आणि कथेला एकटं पुढे पाठवलं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही विज्ञानकथा लिहिणाऱ्या याच माणसाकडे आलं. माझ्यासारख्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं, म्हणून माझ्या कथेलाही एकटीनंच पुढे जावं लागतं. तिला ते जमेल अशी ती लिहिणं हे माझं काम.

त्यासाठी मला जी युक्ती सापडली तिच्यावरच माझी मालिका उभी आहे. धागा विनोदात ठेवायचा. वाचक हसतो तेव्हा तो पुढच्या ओळीवर सरकलेला असतो. जे हसून सोडून दिलं ते पुरावा असेल अशी शंका त्याला येत नाही. शेवटी उलगडा झाला की तो पानं मागे उलटतो, तो विनोद पुन्हा वाचतो, आणि यावेळी वेगळ्या कारणानं हसतो. हे दुसरं हसू माझ्या पुस्तकाची खरी कमाई.

एक गोष्ट सांगतो. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून आमच्याकडे येतात. 2019 मध्ये तिथल्या एका कॉलर लावलेल्या तरुण वाघानं आदिलाबादच्या हद्दीसह कितीतरी शेतं, रस्ते आणि नद्या पार केल्या आणि सुमारे पाच महिन्यांत 1,300 किलोमीटर चालून बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य गाठलं. वाटेतल्या बहुतेक गावांना तो येऊन गेला हे कळलंही नाही. कळलं ते कॉलरमुळे. यावरून माझ्या दुसऱ्या पुस्तकात एक वाघ नकाशावर थेट जिनिंग फॅक्टरीत दिसतो. ठिपका हलत नाही. गाव काठ्या घेऊन फाटकाबाहेर उभं, मालक खुर्चीवर चढलेला, हमाल म्हणतात वाघ सरकीच्या ढिगात झोपलाय, आणि आत जायला कोणी तयार नाही. माझा भूमापक एकच प्रश्न विचारतो: ठिपका नवा येतोय की जुनाच दिसतोय? नात म्हणते, दर तासाला नवा येतोय. इथे गुन्हा अर्धा सुटतो. कॉलरला आपली जागा कळायला उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात, आणि टिनाच्या मोठ्या छपराखाली ते नीट पोचत नाहीत. तास-तासाला नवा ठिपका येत असेल तर कॉलर छपराखाली असणार नाही. ती छपरावर आहे. आणि पहिल्याच प्रकरणात माकडं हमालांचे डबे पळवून छपरावर नेतात त्या प्रसंगाला वाचक पोटभर हसलेला असतो. वाघाच्या गळ्यातली कॉलर माकडाच्या हाती कशी लागली, हा मात्र पुढचा गुन्हा, आणि तो गंभीर आहे.

हे सगळं नीट लिहून, छापून, कपाटात ठेवलं तर काय उपयोग? विक्री हे लेखकाचं काम नाही, असं मानणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. लेखकानं लिहावं, प्रकाशकानं छापावं, वाचकानं शोधत यावं. ज्यांच्या शहरात पुस्तकांची दुकानं आहेत त्यांना ही रीत परवडते. मला ती परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर पटतही नाही. अमरावती जिल्ह्यातून दिल्लीला गेलेले लक्ष्मण राव विष्णू दिगंबर मार्गावर चहाची टपरी चालवत आणि हिंदीत कादंबऱ्या लिहीत. प्रकाशकांनी दाद दिली नाही तेव्हा त्यांनी स्वतःच पुस्तकं छापली आणि वर्षानुवर्षं सायकलला पिशवी लावून शाळा-ग्रंथालयांत जाऊन ती विकली. वऱ्हाडातला माणूस परक्या शहरात परक्या भाषेत हे करू शकतो, तर मी माझ्याच गावात माझ्याच भाषेत संकोच का करावा? नागपूरच्या दीक्षाभूमीवर दसऱ्याला जो पुस्तकांचा बाजार भरतो तो एकदा डोळ्यांनी पाहावा. मोठ्या स्टॉलांच्या शेजारी जमिनीवर चादर अंथरून बसलेला माणूस स्वतः लिहिलेली पुस्तिका विकत असतो, आणि वर्षभराच्या कमाईतले पैसे बाजूला ठेवून आलेली बाई ती हातात घेऊन दोन पानं वाचते आणि मगच पैसे देते. तिथे लेखक आणि वाचक यांच्यात फक्त ती चादर असते. आदिलाबादहून नागपूर दोनशेच्या आसपास किलोमीटर. आमच्याकडून गाड्या भरभरून लोक जातात, आणि मीही.

बाकीचं थोडक्यात. आयएसबीएन क्रमांक भारतात फुकट मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. किंडलवर 2016च्या अखेरीपासून मराठी पुस्तक ठेवता येतं. तिथले माझे वाचक बहुतेक परदेशात गेलेली इथलीच मुलं. 2024च्या डिसेंबरात रजिस्टर्ड बुक पोस्टाची सवलतीची सेवा बंद झाली. त्यामुळे लहान पुस्तक लांब पाठवायचं तर टपालखर्च किमतीच्या उरावर बसू लागला, आणि जवळच्या वाचकाची किंमत आणखी वाढली. व्हॉट्सॲपवर मी फक्त पहिलं प्रकरण पाठवतो. जाहिरात पाठवत नाही. आणि पहिल्या प्रकरणाची चार पानं छापून ती सलूनमध्ये ठेवतो. दाढीसाठी नंबर लावून बसलेल्या माणसाइतका मनापासून वाचणारा माणूस मला दुसरीकडे भेटलेला नाही.

पण सगळ्यात जास्त पुस्तकं जातात ती मोठ्यानं वाचून दाखवल्यावर. बेल्याच्या चहाच्या हॉटेलात संध्याकाळी मी विचारतो, दहा मिनिटं वाचू का? हॉटेलवाला टीव्हीचा आवाज कमी करतो. वाचताना लेखकाला जे कळतं ते टेबलाशी बसून कळत नाही. कुठे हशा येतो, कुठे चमचा कपात ढवळायला लागतो, कुठे एखादा माणूस बाहेर निघालेला दारातच थांबतो. ज्या वाक्याला दारातला माणूस थांबला त्याच्यापुढे मी वाचत नाही. पुस्तक मिटतो. मग कोणीतरी म्हणतंच, अरे, पण ते माकड?

मागे कापसाच्या हंगामात असंच वाचत होतो. कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"हे तुमीच लिवलं काय, भाऊ?"

"हो, मीच."

"कितीले देता?"

किंमत सांगितली. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, पाठीवरचा मजकूर वाचला, आणि खिशात हात घालण्याआधी म्हणाले, "तुमच्या त्या भूमापकाले एक डाव कापसाच्या यार्डात उभं करा ना. कापूस तोच, गाडी तीच. सकायी मशीन अठरा दाखवते, दुपारी बारा. चोर पाह्याले लय दूर जा लागत नाही."

हॉटेल एकदम जागं झालं. कारण हा तिथल्या प्रत्येकाचा विषय. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, बारापर्यंत कपात करून, आणि त्यावर गेला की गाडी बाजूला. आदिलाबादच्या यार्डात दरवर्षी यावरून वाद होतात, कधी रस्त्यावरही. त्या संध्याकाळी मला जे शिकायला मिळालं ते कुठल्या पुस्तकात एका जागी सापडलं नसतं. कापूस हवेतली ओल पितो, त्यामुळे रात्रीच्या दवात उभी राहिलेली गाडी पहाटे जड असते. दुपारच्या उन्हात वरचा थर सुकतो, आतला तसाच राहतो. मशीनचा काटा कुठे खुपसला यावर आकडा ठरतो. एका तरुणानं, तो जिनिंगवर कामाला होता, आणखी पुढचं सांगितलं: कापूस दाबून भरलेला असेल तर आकडा जास्त येतो, भुसभुशीत असेल तर कमी. तो आकडा विजेच्या प्रवाहावरून काढलेला असतो, आणि दाबलेल्या तंतूंमधून प्रवाह सहज जातो, म्हणून. त्याला हे कोणी शिकवलेलं नव्हतं, रोज पाहून कळलेलं होतं. "मंग ज्यानं पोरं गाडीवर नाचवली त्याचा कापूस वला," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले.

मी घरी येऊन ते हसू तसंच्या तसं वहीत उतरवलं. चौथ्या पुस्तकाचा धागा तिथेच होता. लग्नाच्या वरातीतली पोरं कापसाच्या गाडीवर चढून नाचतात, वाचक हसतो, आणि शंभर पानांनंतर भूमापक टेपनं गाडीतल्या कापसाची उंची मोजतो. वरातीच्या आधी किती होती, नंतर किती. दोन आकड्यांतल्या फरकात एका गरीब माणसाचा बुडालेला भाव असतो आणि तो कोणी बुडवला याचं नाव असतं. त्या शेतकऱ्यांना पुस्तकाची पहिली प्रत मी त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांच्या सुनेनं ती त्यांना वाचून दाखवली, आणि पुढच्या वेळी त्यांनी मला बाजारात हाक मारून विचारलं, "पुढचा भाग कधी?"

अर्नाळकरांचे वाचक वाचनालयात जाऊन 'नवा झुंजार आला का' असं विचारत, असं जुन्या माणसांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो. 'काळा पहाड', 'धनंजय-छोटू' ही त्यांच्या नायकांची नावं आजही साठी-सत्तरीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड आणतात. मालिकेचं बळ हेच असतं. दोन पुस्तकांच्या मधल्या काळात गुप्तहेर वाचकाच्या घरी राहतो. त्याला काय आवडेल, तो कुठे चिडेल, हे वाचक आपापसांत ठरवू लागतात. एकट्यानं छापणाऱ्या लेखकाला याहून मोठा आधार नाही. पण तो फुकट मिळत नाही. ज्यांनी गुप्तहेराला घरात घेतलं त्यांच्याकडे लेखकानंही जायला हवं, त्यांचं ऐकायला हवं. म्हणून वाचकांसमोर वाचणं, त्यांच्या शंका घेऊन घरी येणं आणि पुढच्या पुस्तकात त्यांना जागा देणं याला मी लेखनाचाच भाग मानतो. शेवटचा खर्डा टेबलावर होत नाही, तो बेल्याच्या हॉटेलात होतो.

आणि हसवण्याबद्दल. आमच्या भागात हलाखी आहे, कर्ज आहे, पाऊस वेळेवर येत नाही. अशा ठिकाणी विनोदी पुस्तक विकताना लाज वाटत नाही का, असं एकदा एका शहरी परिसंवादात मला विचारलं गेलं. मी सांगितलं की दिवसभर यार्डात गाडी लावून उभा राहिलेला माणूस संध्याकाळी हसायला बसतो तेव्हा तो काही विसरायला आलेला नसतो. तो त्याच गोष्टीवर हसतो जिनं त्याला दिवसभर छळलं. त्या हसण्यात त्याला बरोबर ठाऊक असतं की चूक कोणाची आहे. माझा भूमापक त्याच्या बाजूनं फक्त मोजून दाखवतो. विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतलं दूरचं काही नाही, आपल्या गाडीतला कापूस आपणही मोजू शकतो, एवढं जरी एका शाळकरी पोराला कळलं तरी ती किंमत वसूल. सीमेवरच्या मराठी माध्यमाच्या शाळांत मी जातो तो याच आशेनं. तिथली मुलं गणित तेलुगू शिकवणीत शिकतात आणि विनोद मराठीत करतात, आणि हे दोन्ही एका पुस्तकात सापडलं की त्यांचे डोळे विस्फारतात.

सध्या पाचव्या भागावर काम चालू आहे. जिवती तालुक्याच्या डोंगरातली चौदा गावं महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात. तिथल्या माणसांकडे दोन्ही राज्यांची रेशन कार्डं आहेत, दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं आहेत. त्यांतल्या महाराजगुड्यात तर हद्दीची रेघ एका घरातूनच गेली आहे. स्वयंपाकघर तेलंगणात, झोपायच्या खोल्या महाराष्ट्रात. भूमापकाला याहून चांगलं गाव कुठे मिळणार? कल्पना अशी: अशाच एका घरात स्वयंपाकघरातून काहीतरी चोरीला जातं आणि ते निजायच्या खोलीत सापडतं, तर तक्रार कोणत्या ठाण्यात द्यायची? नात उपग्रहाच्या नकाशावर रेघ दाखवते, आबाजी म्हणतात रेघ इथे नाही, तीन हात पलीकडे आहे, आणि टेप काढतात. फोनवर दिसणारी जागा काही मीटर इकडेतिकडे होऊ शकते, आणि तीन हात म्हणजे दीड मीटरही नाही. गुन्हा त्या फरकात लपलेला आहे. एका वाचकानं आवाजी निरोप पाठवून सुचवलंय की तिथल्या दोन शाळांच्या घंटाही गोष्टीत आणा, एक मराठी शाळेची, एक तेलुगू शाळेची. त्याला मी उलट विचारलंय, त्या दोन्ही घंटा एकाच वेळी होतात का ते एकदा ऐकून सांग. त्याचं उत्तर आलं की सातवं प्रकरण पुरं होईल. पुस्तक दसऱ्याच्या आत छापून हातात हवं, कारण दसऱ्याला नागपूरला चादर अंथरायची आहे.